पाहुण्याच्या दारावरची टकटक : आभासी यंत्रांतल्या इंटरप्टचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर दिलं आहे.)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते हळूच म्हणाले, "सर, आम्हाला वाटलं तुम्ही तत्त्वज्ञानातलं काही बोलाल." मी म्हटलं, तत्त्वज्ञानातलंच आहे. तुम्ही ऐकून घ्या आणि मग ठरवा.

या विषयाशी माझी गाठ पडली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो माझ्या तर्कशास्त्राच्या तासाला बसायचा, पुढे संगणकाकडे वळला. काही वर्षांपूर्वी संध्याकाळी घरी आला, चेहरा उतरलेला. म्हणाला, "सर, आमच्याकडे एक पाहुणा आहे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा तो झोपतो आणि उठतच नाही. पुन्हा करून दाखवायला गेलं की सगळं ठीक." आतून आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, कोण आजारी आहे?"

पाहुणा म्हणजे गेस्ट. एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा, आभासी संगणक. त्यात चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम ही पाहुणी. ज्याच्या घरी ती उतरली तो यजमान, म्हणजे होस्ट. पाहुण्याची समजूत अशी, की हे घर माझंच आहे, प्रोसेसर माझा, घड्याळ माझं, दार माझं. ही समजूत टिकवून ठेवायची हे यजमानाचं काम. आज तुम्ही मोबाइलवरून बँकेचं काम करता किंवा रेल्वेचं तिकीट काढता, तेव्हा पलीकडे असे पाहुणे असण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे त्यांच्या झोपेचा प्रश्न आपलाही आहे.

आता इंटरप्ट म्हणजे काय, ते स्वयंपाकघरातून समजून घेऊ.

दूध तापवायला ठेवलं की समोर उभं राहावं लागतं. नजर हटली की ते उतू जाणार. दर क्षणाला भांड्यात डोकावायचं, "आलं का वर? आलं का?" कुकरचं तसं नाही. कुकर लावला की तुम्ही पेपर वाचत बसू शकता. शिट्टी झाली की उठायचं. पहिले संगणक दूध तापवणाऱ्या माणसासारखे होते. प्रिंटर मोकळा झाला का, टेप फिरून झाली का, हे प्रोसेसर सतत विचारत बसायचा. १९५०च्या दशकाच्या मध्यावर कुकरची शिट्टी आली. अमेरिकेतल्या 'डायसिॲक' या १९५४च्या यंत्राचं नाव या संदर्भात घेतलं जातं. उपकरणानं संकेत द्यायचा; प्रोसेसरनं हातातलं काम आहे तिथे थांबवायचं, कुठे होतो ते लिहून ठेवायचं, संकेताची दखल घ्यायची आणि परत जागेवर यायचं. हा इंटरप्ट.

सोय मोठी होती. पण ती आली तेव्हा एक माणूस घाबरला, आणि त्याच्या भीतीपासूनच मला हा इतिहास सांगायचा आहे.

एड्सगर डायक्स्ट्रा. हॉलंडमधला, ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करणारा. १९५७-५८च्या सुमारास त्याचे सहकारी लूपस्ट्रा आणि स्खोल्टन 'एक्स-१' नावाचं यंत्र तयार करत होते. त्यांनी त्यात इंटरप्ट घालायचं ठरवलं. डायक्स्ट्रानं आधी विरोध केला, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. तोपर्यंत संगणकाचा मोठा गुण हा होता, की तोच प्रोग्राम त्याच माहितीवर पुन्हा चालवला, तर तसाच्या तसा चालायचा. चूक झाली तर ती पुन्हा घडवून आणता यायची, म्हणजेच सापडायची. इंटरप्ट आला की हे गेलं. शिट्टी नेमकी कोणत्या दोन आज्ञांच्या मध्ये होईल, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणजे चूक एकदा दिसेल आणि पुन्हा दिसणार नाही. शेवटी सहकाऱ्यांनी त्याचं मन वळवलं, त्यानं ते काम केलं आणि १९५९ साली त्याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. पण भीती खरी होती. साठ वर्षांनी माझ्या दिवाणखान्यात बसलेला माझा विद्यार्थी वेगळं काय म्हणत होता?

आपल्याकडे 'अतिथी' शब्दाची फोड सांगतात, की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. त्या अर्थानं संगणकातला खरा अतिथी हा इंटरप्ट. आणि आपला आजचा विषय म्हणजे, पाहुण्याच्या घरी अतिथी येतो तेव्हा काय होतं?

चला, १९६४ साली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज. तिथे आयबीएमची एक लहान संशोधन शाखा होती. एका मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम कसं करायचं, हा त्या काळाचा प्रश्न. रॉबर्ट क्रीझी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उत्तर काढलं, की प्रत्येकाला यंत्राचा तुकडा देण्याऐवजी प्रत्येकाला एक अख्खं यंत्रच देऊ या. खोटं, पण अख्खं. १९६७च्या सुरुवातीला त्यांची 'सीपी-४०' ही प्रणाली सिस्टिम ३६० मॉडेल ४० या यंत्रावर चालू झाली. एका यंत्राच्या पोटात चौदा यंत्रं. पुढे सीपी-६७ आलं, आणि १९७२ साली आयबीएमनं 'व्हीएम/३७०' बाजारात आणलं.

या मंडळींना इंटरप्टचा प्रश्न पहिल्या दिवसापासून सोडवावा लागला, आणि त्यांनी तो छान सोडवला. ३६०च्या प्रोसेसरमध्ये एक नोंद असे. तिला आपण प्रोसेसरची स्थितिपत्रिका म्हणू. तिच्यातले काही बिट सांगत, की आत्ता दार उघडं आहे की बंद. कधीकधी ऑपरेटिंग सिस्टिम एवढ्या नाजूक कामात असते, की त्या क्षणी तिला कोणी हटकायचं नसतं. तेवढ्यापुरतं ती दार लावून घेते, काम झालं की उघडते. पाहुण्याच्या बाबतीत हे दार अर्थातच खोटं. खरं दार यजमानाकडे. मग पाहुण्यानं दार लावलंय की उघडलंय, हे यजमानाला कळायचं कसं?

३६०मध्ये ते आपोआप कळायचं. दार उघडण्या-लावण्याची आज्ञा फक्त अधिकार असलेल्या प्रोग्रामलाच देता येत असे. पाहुण्याला तो अधिकार नव्हता. त्यानं ती आज्ञा द्यायला घेतली, की यंत्र थांबायचं आणि ताबा यजमानाकडे जायचा. यजमान आपल्या वहीत लिहायचा, "याचं दार आता बंद." मग पाहुण्यासाठी शिट्टी झाली तर ती राखून ठेवायची, त्यानं दार उघडलं की त्याच्या स्मृतीत ठरलेल्या जागी जुनी पत्रिका ठेवायची, नवी लावायची आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं. खऱ्या यंत्रानं जे केलं असतं तेच, फक्त हातानं.

आता मी ज्या जागी तुम्हाला थोडं थांबवणार आहे, ती ही.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एक निबंध लिहिला. आभासी यंत्र कशाला म्हणावं आणि कोणत्या प्रोसेसरवर ते उभं करता येईल, याची गणिती मांडणी त्यात आहे. या क्षेत्रातला तो पायाचा दगड मानतात, आणि तसा तो आहेच. त्यांनी तीन अटी घातल्या. आभासी यंत्रात प्रोग्राम खऱ्या यंत्रात चालेल तसाच चालला पाहिजे. बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. आणि साधनसामग्रीवर ताबा यजमानाचा असला पाहिजे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. 'तसाच' हा शब्द आला की माझे कान टवकारतात. तसाच म्हणजे कसा? दोन वस्तू एकच आहेत असं कधी म्हणावं, हा आमचा दोन-अडीच हजार वर्षांचा धंदा. म्हणून मी तो निबंध काळजीपूर्वक वाचला आणि मला दोन गोष्टी दिसल्या. एक, 'तसाच' या अटीतून त्यांनी वेळेमुळे पडणारा फरक बाजूला ठेवला होता. आभासी यंत्रात काम उशिरा होणारच, तो फरक धरायचा नाही. दोन, आपल्या गणिती नमुन्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं, की उपकरणांशी देवाणघेवाण करणाऱ्या आज्ञा आणि इंटरप्ट या यंत्रात नाहीत असं आपण धरू. ते नंतर जोडता येतील.

यात गैर काहीच नव्हतं. सिद्धान्त मांडताना काहीतरी बाजूला ठेवावंच लागतं. पण माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की व्याख्या सुटसुटीत व्हावी म्हणून ज्या दोन गोष्टी दाराबाहेर ठेवल्या, त्या दोघी म्हणजे वेळ आणि इंटरप्ट. आणि पुढली पन्नास वर्षं आभासी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांची झोप याच दोघींनी उडवली.

पुढचं पर्व पर्सनल कॉम्प्युटरचं. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, आत इंटेलचा प्रोसेसर. या घराण्याला एक्स८६ म्हणतात. हा प्रोसेसर घडवणाऱ्यांच्या मनात पाहुणे-बिहुणे काही नव्हते. त्यात 'पॉपएफ' नावाची एक आज्ञा आहे. तिच्यातून इतर गोष्टींबरोबर दार उघडणं-लावणंही होतं. ज्याला अधिकार आहे त्यानं ती दिली तर दार लागतं. अधिकार नसलेल्यानं दिली तर? ३६० असतं तर थांबून यजमानाला बोलावलं असतं. एक्स८६ काहीच करत नाही. तक्रार नाही, सूचना नाही. दारापुरती आज्ञा गिळून टाकतो आणि पुढे जातो.

काय होतं बघा. पाहुणा समजतो, मी दार लावलं. यजमानाला त्याचा पत्ताच नाही. तो नेमका त्या नाजूक क्षणी शिट्टी आत सोडतो. नकार मिळाला असता तर तो सोसता आला असता, पण इथे नकारही मौनात आहे. २००० साली रॉबिन आणि आयर्विन या दोघांनी पेंटियमच्या आज्ञा तपासल्या, तेव्हा अशा अडचणीच्या सतरा आज्ञा निघाल्या. त्याच्या एक वर्ष आधी व्हीएमवेअर या कंपनीनं यावर एक वळसा शोधून उत्पादन बाजारात आणलं होतं. पाहुण्याच्या कर्नलची आज्ञावली चालवण्याआधी वाचायची, आणि अशी मुकी आज्ञा दिसली की तिच्या जागी बोलकी घालायची. २००३ साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं 'क्यूएमू' आणलं. त्यात तर अख्खा प्रोसेसरच सॉफ्टवेअरनं वठवलेला. मग २००५-०६मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच पाहुण्यासाठी वेगळी खोली बांधली, आणि तिचा उपयोग करणारं 'केव्हीएम' फेब्रुवारी २००७मध्ये लिनक्समध्ये सामील झालं.

वाटेल, संपला प्रश्न. पण खोली बांधली म्हणजे आतिथ्य जमलं असं होत नाही. आता मी तुम्हाला तीन दुखणी सांगतो. तिन्ही खरी आहेत आणि तिन्हींची दुरुस्ती शिकवण्यासारखी आहे.

पहिलं दुखणं झोपेचं. पाहुण्याला काही काम नसलं की तो झोपतो. झोपण्याआधी दार लावून एकदा बघतो, काम आहे का? नाही. मग दोन आज्ञा देतो : दार उघड, आणि लगेच झोप. आता कल्पना करा, 'दार उघड' आणि 'झोप' यांच्या मधल्या फटीत शिट्टी झाली. पाहुणा उठून दखल घेतो, "हे काम करायचं आहे" अशी चिठ्ठी ठेवतो आणि जागेवर परत येतो. जागेवर पुढची आज्ञा कोणती? झोप! आणि तो झोपतो. चिठ्ठी उशाशी तशीच. दुसरी शिट्टी होईपर्यंत तो उठत नाही.

खऱ्या एक्स८६ प्रोसेसरनं ही फट बुजवलेली आहे. दार उघडण्याच्या आज्ञेनंतर एक आज्ञा पूर्ण होईपर्यंत इंटरप्ट आत येत नाही. या एका आज्ञेच्या आडोशाला 'सावली' म्हणतात. तेवढ्या सावलीत पाहुणा झोपेत शिरतो आणि मग आलेली शिट्टी त्याला नीट जागं करते. आता आभासी यंत्र लिहिणारा सावली विसरला, तर? सगळं चालतं. हजार वेळा, लाख वेळा चालतं. मग एका रात्री शिट्टी नेमकी फटीत येते. म्हणून केव्हीएमसारख्या प्रणालीला इंटरप्ट आत सोडण्याआधी दोन प्रश्न विचारावे लागतात : दार उघडं आहे का, आणि सावली संपली आहे का? नसेल तर प्रोसेसरला सांगून ठेवायचं, की याचं दार खरोखर उघडलं की लगेच मला कळव.

त्याच जातीचा एक छोटा प्रकार सांगून पुढे जातो. शिट्टी आत सोडली, पण पाहुणा ती घेत असतानाच त्याच्या स्मृतीचं एक पान जागेवर नसल्यामुळे सगळं थांबलं आणि ताबा यजमानाकडे आला. यजमानाच्या वहीत तर लिहिलंय, "दिली." पाहुण्याला मिळालेली नाही. इंटेलच्या रचनेत याची नोंद ठेवणारा एक रकाना आहे. दरवेळी परतल्यावर तो रकाना वाचायचा, आणि निरोप अर्धवट राहिला असेल तर पुन्हा द्यायचा. दिलं आणि मिळालं, या दोन वेगळ्या घटना आहेत. पोस्टाशी ज्यांचा आयुष्यभर संबंध आला, त्यांना हे सांगायला नको.

दुसरं दुखणं घड्याळाचं. मला हे सगळ्यांत आवडतं, कारण ते आमच्या घरचं आहे.

सौभाग्यवती बाहेर जाताना सांगतात, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." मी वाचत बसतो. शिट्टी झाली हे कळतं, पण दुसरी की तिसरी? बऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिम वेळ असाच मोजत. टायमर ठरावीक वेळानं शिट्टी देतो. तेवढ्या शिट्ट्या मोजल्या की एक सेकंद. जुन्या लिनक्समध्ये सेकंदाला १०० शिट्ट्या, २.६ या आवृत्तीत सुरुवातीला १०००. आता पाहुणा काही सतत प्रोसेसरवर नसतो. यजमान इतर पाहुण्यांचंही बघतो. हा बाहेर असताना पाच शिट्ट्या झाल्या. इंटरप्टची नोंद ठेवणाऱ्या चिपमध्ये एका प्रकारच्या शिट्टीला प्रलंबित म्हणून एकच बिट असतो. "शिट्टी झाली आहे" एवढंच तो सांगतो, किती झाल्या ते सांगत नाही. पाहुणा परत येतो, एक शिट्टी मोजतो, चार गेल्या. त्याचं घड्याळ मागे पडत जातं.

मग दुरुस्ती सुचली, की हरवलेल्या शिट्ट्या यजमानानं मोजून ठेवायच्या आणि नंतर एकेक करून द्यायच्या. विंडोजच्या पाहुण्यांना याचा उपयोग झाला. पण काही लिनक्स पाहुणे हुशार होते. आपल्या शिट्ट्या चुकतात हे त्यांना माहीत होतं. ते प्रोसेसरचा दुसरा एक मोजक बघून हरवलेल्या शिट्ट्या स्वतःच जमेला धरत. आता यजमानही भरपाई देतो आणि पाहुणाही भरपाई घेतो! घड्याळ पुढे पळायला लागलं. मी घड्याळाकडे बघून "तीन झाल्या असणार" असं ठरवावं आणि तेवढ्यात शेजारच्या काकूंनी येऊन सांगावं, "दोन शिट्ट्या मी ऐकल्या हो," तसं. शेवटी क्यूएमू आणि केव्हीएमला, हरवलेले इंटरप्ट परत द्यायचे की नाहीत, हे पाहुणा बघून ठरवण्याचा पर्याय ठेवावा लागला. आयबीएमच्या व्हीएम/३७०मध्येसुद्धा असा पर्याय होता : टायमर फक्त पाहुणा चालत असताना पुढे सरकावा, की तो वाट बघत बसलेला असतानाही?

बघा, 'तसाच' या शब्दाचं काय झालं. यंत्राशी प्रामाणिक राहावं तर घड्याळ चुकतं. घड्याळाशी प्रामाणिक राहावं तर खऱ्या यंत्रात कधीच आल्या नसत्या अशा शिट्ट्या द्याव्या लागतात. प्रामाणिकपणा कोणाशी, हे ठरवल्याशिवाय 'दुरुस्त' या शब्दाला अर्थच नाही. व्याख्येतून वेळ बाजूला ठेवली होती ना? ती अशी दार वाजवत आली.

यातून एक समंजस वाट निघाली. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात, म्हणजे मघाच्या केंब्रिजहून वेगळ्या, २००३ साली 'झेन' नावाची प्रणाली झाली. तिनं म्हटलं, नाटक कशाला? पाहुण्याला सरळ सांगू या, की बाबा, तू पाहुणा आहेस. तुझी वेळ मोजायची तर माझ्याकडे ही पाटी आहे, तिच्यावर वाचून घे. पुढे केव्हीएमनंही पाहुण्यासाठी असं घड्याळ दिलं. ज्या पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे कळलं, त्याचं घड्याळ जास्त चांगलं चालू लागलं. यात माणसांसाठी काही बोध असेल तर तो तुम्ही काढा.

तिसरं दुखणं, आणि हेच माझ्या विद्यार्थ्याचं निघालं.

एव्हाना वेगाचा प्रश्न मोठा झाला होता. दर शिट्टीला पाहुण्याला थांबवायचं, यजमानानं आत यायचं, निरोप द्यायचा, परत जायचं, यात वेळ जातो. २०१२ साली इस्राएलमधल्या आयबीएमच्या हैफा इथल्या प्रयोगशाळेतल्या आणि टेक्निऑन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की यजमानाला मध्ये न घेता इंटरप्ट थेट पाहुण्यापर्यंत नेता येतो. पुढे इंटेलनं प्रोसेसरमध्येच सोय दिली. स्मृतीत एक फळा ठेवायचा, २५६ बिटांचा. निरोप देणाऱ्यानं फळ्यावर खूण करायची. पाहुणा आत, चालू स्थितीत असेल तर घंटा वाजवायची. नसेल तर घंटेची गरज नाही, कारण आत शिरण्याआधी फळा वाचायचाच असा नियम आहे.

किती सुटसुटीत! देणारा आधी खूण करतो, मग बघतो : पाहुणा आत आहे का? घेणारा आधी पाटी लावतो, "मी आत चाललो," मग बघतो : फळ्यावर काही आहे का? दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याचं दिसणारच. तर्कानं पक्कं.

पण आजचा प्रोसेसर घाईत असतो. लिहिलेली गोष्ट तो लगेच स्मृतीत नेत नाही, काही काळ हाताशी ठेवतो आणि पुढचं वाचन आधी उरकून घेतो. म्हणजे देणाऱ्याची खूण अजून फळ्यावर उमटलेली नाही, घेणाऱ्याची पाटी अजून दारावर लागलेली नाही, आणि दोघांनी एकमेकांकडे बघूनही घेतलं. देणारा म्हणतो, पाहुणा आत नाही, घंटा नको. पाहुणा म्हणतो, फळा कोरा आहे, चला. निरोप फळ्यावर पडून राहतो. यावर उपाय 'मेमरी बॅरिअर' नावाची आज्ञा : लिहिलेलं सगळ्यांना दिसेल असं झाल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही. ती दोन्ही बाजूंना हवी. एका बाजूला असून चालत नाही.

आणि आता गंमत ऐका. 'आधी आपली खूण, मग दुसऱ्याची पाहणी' ही दोन प्रक्रियांची मांडणी पहिल्यांदा कोणी केली? डेकर या डच गणितज्ञानं, ॲम्स्टरडॅमच्या त्याच गणित केंद्रात. आणि तिचं श्रेय त्याला देऊन १९६५ साली ती जगापुढे कोणी ठेवली? इंटरप्टला घाबरलेल्या डायक्स्ट्रानंच. भ्यायलेला माणूस हात बांधून बसला नव्हता. जे पुन्हा करून दाखवता येत नाही, ते विचारानं पकडावं लागेल, हे त्यानं ओळखलं होतं.

इथे मला आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धि' हे वेगळं प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही हे मला कसं कळलं? तो दिसला नाही म्हणून. पण लगेच त्यांनी अट घातली : ती अनुपलब्धि योग्य हवी. घट असता तर नक्की दिसला असता, अशी परिस्थिती असेल तरच 'दिसला नाही' यावरून 'नाही' म्हणता येतं. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, याला काही अर्थ नाही. विद्यार्थ्याला मी हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, म्हणजे आमचा पाहुणा अंधारात फळा वाचतोय."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्यानं यंत्र चालवून बघणं बंद केलं होतं आणि आज्ञावली नुसती वाचून काढली होती. एका बाजूला बॅरिअर नव्हता. त्याची दुरुस्ती एका ओळीची होती. पण त्या ओळीच्या डोक्यावर, ती का हवी आणि तिची जोडीदार ओळ कुठे आहे, याचं टिपण त्यानं पंधरा ओळींचं लिहिलं. मला ते वाचून दाखवलं. मी आयुष्यभर बरेच प्रबंध तपासले. इतकं नेटकं समर्थन क्वचित वाचलं.

मी विचारलं, "मग आता पाहुणा झोपत नाही ना?" तो म्हणाला, "सर, अजून तरी नाही. पण ते सांगून उपयोग काय? आधीसुद्धा तीन-तीन आठवडे झोपत नव्हता." त्याला ते टिपणच जास्त भरवशाचं वाटत होतं. मला वाटतं, त्याचं बरोबर होतं.



(श्रोत्यांमधून एक प्रश्न : सर, प्रोसेसरनं इतक्या सोयी दिल्यावर आता ही दुखणी संपली असतील ना?)

चांगला प्रश्न आहे. संपली नाहीत, जागा बदलली. सावलीची काळजी आता बरीचशी प्रोसेसर घेतो, पण पाहुणा एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर हलवायचा असतो, कधी तर चालू असताना एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात. घर बदलताना वाटेत आलेलं पत्र कोणत्या पत्त्यावर जाईल? प्रलंबित शिट्ट्या, अर्धवट निरोप, दाराची स्थिती, सावली, सगळं सामानाबरोबर न्यावं लागतं. एक राहिलं की तोच रोग. आणि प्रत्येक नवी सोय येताना आपल्याबरोबर एखादी नवी फट आणते. त्यामुळे काम संपेल असं मला वाटत नाही. फट कुठे असू शकते हे आधी विचारायची सवय मात्र लावून घेता येते. आमच्या घरी आता शिट्ट्यांची खूण मी कागदावर करतो. भात तरी नीट होतो.